वाडा एक, बिऱ्हाडे अनेक

गेल्या श्रावणात ग्वाल्हेरहून एका वयोवृद्ध गृहस्थांचे पत्र आमच्या शाळेस आले. शाळेचे जुने वार्षिक अंक काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. त्यांपैकी १९६१ सालच्या अंकात या गृहस्थांच्या थोरल्या बहिणीची एक कविता आहे. बहीण दोन वर्षांपूर्वी निवर्तली. तिच्या हातचा छापलेला मजकूर तेवढाच. म्हणून अधूनमधून ते पान उघडून वाचण्याचा त्यांचा परिपाठ होता. एके दिवशी पान उघडेना. त्या जागी ४०४ हा आकडा आणि 'सापडले नाही' एवढेच शब्द आले. आपण जुने अंक काढून टाकले असतील तर तसे कळवावे, म्हणजे मी शोधावयाचे थांबेन, असे त्यांनी लिहिले होते.

आम्ही काहीच काढून टाकले नव्हते. आमच्या शाळेत संगणक शिकविणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर यंत्रातील कपाट उघडून दाखविले. १९६१ सालचा अंक जागच्या जागी होता आणि त्यातील कविताही होती. वस्तू घरात आहे, पण विचारणाऱ्यास 'नाही' असे उत्तर मिळते, हा प्रकार काय आहे, हे समजून घेण्यासाठी मला बाईंच्या वर्गात विद्यार्थी होऊन बसावे लागले. मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्य व्याकरण आणि काव्य शिकविण्यात गेले. तरीही जे कळले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण सांप्रत कित्येक संस्थांचे जुने अंक, इतिवृत्ते आणि कोश अशाच दारांमागे ठेवलेले आहेत, आणि ते दार कसे उघडते हे त्या संस्थांच्या चालकांस सहसा ठाऊक नसते.

प्रथम दारावर बसणाऱ्याची ओळख करून घेऊ. आमच्या संकेतस्थळावर येणारी प्रत्येक मागणी 'टॉमकॅट' नावाचा सर्व्हर स्वीकारतो. सर्व्हर हा शब्द ऐकून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे यंत्राची पेटी उभी राहते; परंतु येथे सर्व्हर म्हणजे त्या पेटीत अहोरात्र चालणारा एक प्रोग्रॅम होय. टॉमकॅट जावा या संगणकभाषेत लिहिलेला आहे, आणि जावात लिहिलेली लहानमोठी ॲप्लिकेशने चालविणे हे त्याचे काम. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी त्याची मूळ रचना केली. १९९९ साली कंपनीने ती अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या स्वाधीन केली, आणि तेव्हापासून तो कोणासही विनामूल्य वापरता येतो. टॉमकॅट म्हणजे बोका. आपली काळजी आपणच घेणारा प्राणी म्हणून डेव्हिडसन यांनी हे नाव निवडले.

या बोक्याने कोणते नियम पाळावेत हे मात्र त्याने स्वतः ठरविलेले नाही. जावात लिहिलेल्या आणि मागणीस उत्तर देणाऱ्या घटकास 'सर्व्हलेट' म्हणतात. सर्व्हलेटांनी आणि त्यांना चालविणाऱ्या सर्व्हरने कसे वागावे, याची एक लिखित संहिता आहे. ती पूर्वी सन कंपनीच्या पुढाकाराने तयार होत असे. सध्या ती एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखाली 'जकार्ता' या नावाने चालते. एक ॲप्लिकेशन म्हणजे एक स्वतंत्र गाठोडे, आणि त्यास स्वतःचे नाव असावे, ही व्यवस्था १९९९ सालच्या २.२ या संहितेत आली. पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे या एका व्यवस्थेतून निघते.

आपल्या गावांतील जुने वाडे वाचकांनी पाहिले असतीलच. वाड्यास एक नाव असते, आत अनेक बिऱ्हाडे असतात, आणि प्रत्येक बिऱ्हाडात निरनिराळी कामे करणारी माणसे असतात. पोस्टमन आधी वाडा पाहतो, मग बिऱ्हाड, मग माणूस. टॉमकॅटही याच क्रमाने तीन निर्णय घेतो.

पहिला निर्णय वाड्याचा. वाचक एखादा पत्ता लिहितो तेव्हा त्यात आधी संकेतस्थळाचे नाव असते आणि पहिल्या तिरक्या रेघेपासून पुढे मार्ग असतो. एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे नांदू शकतात. म्हणून, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीने प्रत्येक मागणीत संकेतस्थळाचे नाव लिहिणे बंधनकारक केले. टॉमकॅट ते नाव आपल्या यादीशी ताडून पाहतो. यादीत नाव असेल तर त्या वाड्यात मागणी जाते. नसेल तर चालकाने जो वाडा 'नेहमीचा' म्हणून नेमून दिला असेल तेथे ती जाते. येथे कोणास परत पाठविले जात नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अनोळखी नावाने आलेली मागणीसुद्धा कोणत्या तरी वाड्यात शिरतेच.

दुसरा निर्णय बिऱ्हाडाचा, आणि आमची चूक येथेच झाली. टॉमकॅटमध्ये ॲप्लिकेशन बसविण्याची नेहमीची रीत अगदी सोपी आहे. ॲप्लिकेशनचे गाठोडे 'वॉर' या नावाच्या एका फायलीत बांधलेले असते. ती फाइल एका ठरावीक कपाटात ठेवावी, आणि फायलीचे जे नाव तेच त्या बिऱ्हाडाच्या दारावरची पाटी होते. फायलीचे नाव 'ग्रंथालय' असेल तर '/ग्रंथालय' या शब्दाने सुरू होणारे सारे मार्ग त्या ॲप्लिकेशनचे. या पाटीस 'कॉन्टेक्स्ट पाथ' असे म्हणतात. पाटीवर एकाहून अधिक शब्द हवे असल्यास फायलीच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. तिच्याऐवजी आडव्या-उभ्या दोन-दोन रेघांची चौकट, म्हणजे '#' हे चिन्ह, घालतात. 'ग्रंथालय#कोश' या फायलीची पाटी '/ग्रंथालय/कोश' अशी होते. एका बिऱ्हाडास मात्र पाटीच नसते. त्याच्या फायलीचे नाव 'रूट', म्हणजे मूळ, असे ठेवावे लागते. ज्या मार्गांवर दुसऱ्या कोणाची पाटी लागू पडत नाही, ते सारे या बिनपाटीच्या बिऱ्हाडाकडे येतात. आमच्या शाळेचे मुख्य संकेतस्थळ हेच 'रूट' होय, आणि जुने अंक त्याच्याच पोटात '/अंक' या मार्गाखाली होते.

आता समजा, '/ग्रंथालय/कोश/शब्द' अशी मागणी आली. तिला 'ग्रंथालय' ही पाटी लागू पडते, 'ग्रंथालय/कोश' ही पाटीही लागू पडते, आणि बिनपाटीचे 'रूट' तर सर्वांस लागू आहेच. यांपैकी कोणास निवडावे? नियम असा की, लागू पडणाऱ्या पाट्यांपैकी जी सर्वांत लांब, तिचा अधिकार. म्हणून येथे 'ग्रंथालय#कोश' हे ॲप्लिकेशन पुढे होते. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. सामान्य नियम तो उत्सर्ग आणि विशेष नियम तो अपवाद; दोन्ही एका ठिकाणी आले असता अपवाद बलवान ठरतो. 'रूट' हा उत्सर्ग आहे. प्रत्येक पाटी हा त्याचा अपवाद आहे. आणि अधिक लांब पाटी हा अपवादाचाही अपवाद आहे.

ही तुलना पूर्ण शब्दांची होते, शब्दाच्या तुकड्यांची होत नाही. 'शाळा' ही पाटी '/शाळा/प्रवेश' या मार्गास लागू पडते, पण '/शाळाप्रवेश' या मार्गास पडत नाही, कारण तेथे 'शाळा' नंतर तिरकी रेघ नाही. रोमन लिपीत लिहिलेल्या पाट्यांच्या बाबतीत मोठी लिपी आणि लहान लिपी हीही भिन्न मानली जातात. वाड्याच्या नावास ही कडकशिस्त नाही. तेथे मोठे-लहान अक्षर सारखेच. पाटीच्या बाबतीत मात्र टॉमकॅट एखाद्या कठोर परीक्षकासारखा वागतो आणि अक्षर चुकले की गुण देत नाही.

याहून महत्त्वाचा नियम पुढचा आहे, आणि तो कळल्यावरच ग्वाल्हेरच्या पत्राचा उलगडा झाला. एकदा बिऱ्हाड ठरले की टॉमकॅट मागे वळत नाही. निवडलेल्या ॲप्लिकेशनमध्ये मागितलेले पान नसेल, तर ते ॲप्लिकेशनच 'सापडले नाही' असे सांगते, आणि तेथे प्रकरण संपते. 'याच्याकडे नाही, तर मग रूटकडे विचारून पाहू' असे टॉमकॅट करीत नाही. व्याकरणातही असेच आहे. अपवादाचे क्षेत्र वगळून जे उरते तेवढ्यातच उत्सर्गाची सत्ता.

आमच्याकडे काय घडले ते आता सांगतो. मुलांनी वार्षिक अंकासाठी आपले लेखन घरबसल्या पाठवावे, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने प्रेमाने एक नवे ॲप्लिकेशन तयार करून दिले. त्यास नाव काय द्यावे असे त्याने विचारले, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने 'अंक' असे सुचविले. फाइल कपाटात ठेवली गेली. टॉमकॅट चालू असतानाच अशी नवी फाइल ओळखून कामास लावतो. त्याप्रमाणे त्याने ती लावली. नवे पान उघडले, मुलांचे लेख येऊ लागले, मुख्य पानही पूर्वीसारखे दिसत होते. सर्वांनी समाधान मानले. परंतु त्या क्षणापासून '/अंक' या शब्दाने सुरू होणारी प्रत्येक मागणी नव्या बिऱ्हाडाकडे वळली होती. '/अंक/१९६१' ही मागणीही तेथेच गेली, आणि त्या बिऱ्हाडास १९६१ साल माहीत नव्हते. जुने अंक रूटच्या पोटात जसेच्या तसे होते. त्यांच्यापर्यंत जाणारी वाट मात्र एका पाटीने अडविली होती. पत्र येईपर्यंत चार महिने लोटले. तेवढ्या काळात किती जणांनी ते आकडे पाहून पाठ फिरविली असेल, याची नोंद आमच्याकडे नाही.

तिसरा निर्णय बिऱ्हाडातील माणसाचा. मागणी ॲप्लिकेशनमध्ये शिरली की, पाटीचा भाग बाजूस काढून उरलेल्या मार्गावरून कोणत्या सर्व्हलेटने उत्तर द्यावे हे ठरते. येथे संहितेने चार नियम क्रमाने घालून दिले आहेत. पहिला, तंतोतंत जुळणी: '/शोध' हा मार्ग ज्याच्या नावावर लिहिला आहे, त्याच्याकडे '/शोध' जाईल. दुसरा, पूर्वभागाची जुळणी: '/लेखक' पासून सुरू होणारे सारे माझे, असे ज्याने नोंदविले असेल त्याच्याकडे '/लेखक/केशवसुत' जाईल, असे दावेदार अनेक असल्यास सर्वांत लांब पूर्वभागवाला जिंकेल. तिसरा, शेपटीची जुळणी: मार्गाचा शेवट टिंबानंतरच्या विशिष्ट अक्षरांनी, उदाहरणार्थ जेएसपी या अक्षरांनी, होत असेल तर त्या प्रकारची पाने सांभाळणाराच्या हाती ती मागणी जाते. चौथा, यांपैकी काहीच जुळले नाही तर नेमून दिलेला सामान्य सर्व्हलेट पुढे येतो. चित्रे, छापील पानांच्या प्रती अशा साध्या फायली बहुधा हाच देतो, आणि फाइल नसेल तर ४०४ हा आकडाही बहुधा त्याच्याच तोंडून निघतो.

या क्रमात एक खाचखळगा आहे. एखाद्या सर्व्हलेटच्या नावावर एकटी तिरकी रेघ लिहिली तर तो चौथ्या नियमातील सामान्य सर्व्हलेट ठरतो आणि सर्वांच्या शेवटी बोलतो. त्याच रेघेपुढे एक तारका वाढविली तर 'सारे मार्ग माझे' असा पूर्वभागाचा दावा होतो. तो दुसऱ्या नियमात बसतो. मग तिसऱ्या आणि चौथ्या नियमांवर वेळच येत नाही, आणि चित्रे व साधी पाने एकाएकी नाहीशी झाल्यासारखी दिसतात. एका तारकेने रांगेतील शेवटचा माणूस पुढे येतो. काना-मात्रेने अर्थ बदलतो हे आम्ही मुलांना जन्मभर शिकविले. त्याचा हा आणखी एक दाखला.

अशा रीतीने संपूर्ण मार्गाचा विग्रह होतो. पहिला खंड बिऱ्हाडाची पाटी, दुसरा खंड सर्व्हलेट ज्यावरून ओळखला गेला तो भाग, तिसरा खंड त्यापुढे उरलेला मजकूर. 'ग्रंथालय' या ॲप्लिकेशनमधील '/ग्रंथालय/लेखक/केशवसुत' या मार्गाचे हे तीन खंड समासाच्या पदांप्रमाणे सुटे होतात. एक पद चुकीच्या ठिकाणी तोडले की, सामासिक शब्दाप्रमाणेच, साऱ्याचा अर्थ बिघडतो.

आपल्या लिपीपुरता एक मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे, कारण आम्ही हट्टाने मार्गांची नावे देवनागरीत ठेविली आहेत. देवनागरी अक्षरे पत्त्यातून तशीच प्रवास करीत नाहीत. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. 'अंक' या शब्दात अ, अनुस्वार आणि क अशी तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट. प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे अशा वेशात पाठविला जातो. म्हणजे आपला दोन अक्षरी शब्द तारेवरून सत्तावीस चिन्हांचा होऊन जातो. टॉमकॅट तो आधी उलगडतो आणि मगच पाट्यांशी ताडतो. आठव्या आवृत्तीपासून तो हे मुळातच यूटीएफ-८ धरून करतो. त्यापूर्वीच्या आवृत्त्या पश्चिम युरोपीय लिपीचा जुना संकेत गृहीत धरीत, आणि चालकाने तसे स्पष्ट सांगून ठेविले नाही तर देवनागरी मार्गाची निरर्थक अक्षरे होत.

तथापि उलगडल्यावरही एक पेच उरतो. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातील ऱ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह आहे. आणि साध्या र ला खाली टिंब जोडूनही तोच आकार लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे. युनिकोडच्या नियमांतही ही दोन लेखने समतुल्य मानली आहेत. टॉमकॅट मात्र चिन्हास चिन्ह लावून पाहतो, दोन्हींचे एकरूप करीत नाही. पाटी एका रीतीने रंगविली आणि मागणी दुसऱ्या रीतीने आली, तर ती 'कऱ्हाड' च्या दारापर्यंत येऊनही आत जाणार नाही. यासाठी बाईंनी सुचविलेला उपाय साधा आहे: मार्गांच्या नावांत असे द्विरूप अक्षर वापरू नये.

आवृत्त्यांविषयीही थोडे लिहितो, कारण तेथे नावाचा आणखी एक खेळ आहे. सातव्या आवृत्तीपासून टॉमकॅट एकाच पाटीची दोन ॲप्लिकेशने, जुने आणि नवे, शेजारी शेजारी चालवू शकतो. फायलीच्या नावापुढे चौकटीचे चिन्ह दोनदा घालून आवृत्तीचा आकडा लिहावयाचा. जो वाचक जुन्यात काम करीत बसला आहे तो जुन्यातच राहतो. नवा येणारा नव्याकडे जातो. परंतु नवे कोणते हे ठरविताना टॉमकॅट आकड्यांची किंमत पाहत नाही, शब्दकोशाप्रमाणे पहिल्या अंकापासून क्रम लावतो. त्यामुळे ११ ही आवृत्ती २ च्या आधीची ठरते. अकरावी आवृत्ती बसवूनही लोकांस दुसरीच दिसत राहील. यासाठी आरंभापासून ००२, ०११ असे लिहिण्याची शिफारस आहे.

आमच्या चुकीची दुरुस्ती या साऱ्या विवेचनाच्या मानाने फारच लहान होती. बाईंनी नव्या फायलीचे नाव बदलून 'नवलेखन' असे केले. टॉमकॅटने जुनी पाटी उतरविली, नवी लावली, आणि '/अंक' चा मार्ग पुन्हा रूटकडे गेला. १९६१ सालचे पान उघडले. एकही पान हलवावे लागले नाही, एकही ओळ नव्याने लिहावी लागली नाही.

मी ग्वाल्हेरला पत्र लिहिले आणि चूक कोणाची होती हेही लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले. कविता पुन्हा वाचली, एवढे कळवून त्यांनी एक दुरुस्ती सुचविली होती: बहिणीच्या नावातील एक वेलांटी १९६१ सालीच चुकीची छापली गेली होती, ती आता सुधारता येईल काय? आम्ही ती सुधारली.

तेव्हापासून माझ्या खोलीतील कपाटात हजेरीपटाच्या आकाराची एक वही आहे. संकेतस्थळावर कोणत्या नावाखाली काय ठेविले आहे, याची त्यात नोंद असते, आणि नवे नाव देण्यापूर्वी ती वही वाचावी असा शिरस्ता आहे. ज्या संस्थांनी आपले जुने धन अशा यंत्रांच्या स्वाधीन केले आहे, त्यांनी अशी एक वही जरूर ठेवावी. आणि नवे ॲप्लिकेशन बसविल्यावर केवळ नवे पान उघडून समाधान मानू नये. जुन्यातले एखादे पान, ज्याची कोणी तरी दूर गावी वाट पाहत असेल, तेही एकदा उघडून पाहावे.